पुण्यात काउन्सेलिंग सुरू करायचा रिव्ह्यू : फोन, फी, फॉर्म आणि पहिलं सेशन

आधीच सांगतो, थेरपीने मी बरा झालो का वगैरे यात मिळणार नाही, ते अजून चालूच आहे आणि तो माझा खाजगी मामला आहे. हा रिव्ह्यू त्याच्या आधीच्या भागाचा आहे, म्हणजे "कुणालातरी दाखवायला पाहिजे" इथपासून ते समोर मॅडम बसल्यात आणि वहीत काहीतरी लिहितायत इथपर्यंतचा. हाच भाग कुणी सांगत नाही राव. ज्याला विचारावं तो एकतर "माझं आयुष्यच बदललं" म्हणतो नाहीतर "पैसे उकळायचे धंदे सगळे" म्हणतो. पण फोन कुणाला करायचा, फोनवर बोलायचं काय, किती पैसे जातात, पहिल्या दिवशी नक्की काय करतात, रडावंच लागतं का, हे साधे प्रश्न तसेच राहतात.

मी मूळचा कराडकडचा, भोसरीत एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. कस्टमरकडे आमचा पार्ट रिजेक्ट झाला की रात्री फोन येतो, लाईन थांबली तर ओरडा खायचा तो मी. हे वर्षानुवर्षं चालूच होतं, पण मागच्या वर्षी वडील गेले आणि त्यानंतर रात्री तीनच्या सुमाराला दचकून जाग यायला लागली, छातीत धडधड, हात गार, असं वाटायचं की आत्ता जातोय आपण. बायकोने दोनदा गाडी काढून हॉस्पिटलला नेलं. ईसीजी नॉर्मल, टू डी एको नॉर्मल, ॲसिडिटीची गोळी आणि "टेन्शन कमी करा". आता टेन्शन कमी करायचं बटण कुठे असतं ते काही त्या डॉक्टरांनी सांगितलं नाही.

तरी हार्टच्या टेस्ट आधी केल्या ते चांगलंच झालं, आणि तुम्हीही तेच करा. आमच्या सोसायटीजवळच्या फॅमिली डॉक्टरने तर थायरॉईड, बी ट्वेल्व आणि व्हिटॅमिन डी पण करायला लावलं, कारण थायरॉईड बिघडला तरी धडधड, झोप न लागणं, चिडचिड, उदास वाटणं सगळं होतं आणि माणूस उगाच मनाच्या मागे लागतो. माझं बी ट्वेल्व कमी निघालं, त्याचा कोर्स झाला, थोडी तरतरी आली पण रात्रीचं चालूच. मग त्यांनीच सांगितलं की आता सायकॉलॉजिस्टला भेट, लाजू नको.

लाजायचं म्हणाल तर घरात वेगळीच अडचण. आमच्याकडे काउन्सेलिंग म्हणजे मुक्तांगण, कारण एक चुलते तिथे राहून दारू सोडून आले होते. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे आणि आमच्या गावाकडच्या कितीतरी घरांना मनाच्या उपचाराची तेवढीच ओळख. त्यामुळे आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "तू पितोस का रे?" नाही म्हणलं तर मग, "मग कशाला? अक्कलकोटला जाऊन ये, स्वामींच्या पाया पड, बरं वाटेल." गेलो पण, खोटं कशाला बोलू, छान वाटलं दोन दिवस. मित्रांचा उपाय ठरलेला, चल गोव्याला. बायकोने मात्र कटकट न करता एवढंच विचारलं की फी किती असते, आपल्याला जमेल का. खरा प्रश्न तोच होता.

आता शोधायला बसलो तर पहिला गोंधळ पाट्यांचा. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, लाईफ कोच, हीलर, सगळे एकाच गुगल मॅपवर एकाच रंगाच्या पिनमध्ये. मला जे कळलं ते सरळ सांगतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारातलं पोस्ट ग्रॅज्युएशन, गोळ्या लिहून देऊ शकतो. सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलून आणि टेस्ट करून काम करतो. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्ट्रेशन लागतं, १९९२ चा कायदा आहे त्याचा, बहुतेकांचं एमए नंतर दोन वर्षांचं एमफिल झालेलं असतं, आणि रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर देतात, वेबसाईटवर तपासता येतो. काउन्सेलर बरेचदा सायकॉलॉजीत एमए केलेले असतात आणि त्यातले कित्येक खरंच उत्तम काम करतात, पण अडचण अशी की काउन्सेलर ही पाटी कुणीपण लावतो, त्यामुळे शिक्षण विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

गुगलच्या स्टारवर तर अजिबात जाऊ नका. मी सगळे रिव्ह्यू वाचत बसलो तर निम्मे पार्किंगचे, काही रिसेप्शनिस्टच्या स्वभावाचे, आणि जे पाच स्टारवाले ते सगळे एकाच आठवड्यात टाकलेले. शिवाय ज्याला खरंच फायदा झालाय तो स्वतःच्या नावाने कशाला लिहील, पुणं केवढंसं आहे.

पहिला प्रयत्न एका ॲपवर केला. नाव नाही घेत. प्रश्न विचारून "तुमच्यासाठी योग्य थेरपिस्ट" शोधून देतात, तो कसा शोधतात देव जाणे, कारण मी भाषा मराठी निवडली होती आणि समोर आली ती गुरगावची एक मुलगी, वागायला चांगली होती, पण हिंदी आणि इंग्लिशच. आता मी कंपनीत दिवसभर हिंदी बोलतो, कस्टमरशी भांडतो पण हिंदीतच, पण वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल हिंदीत बोलायला लागलो आणि मला माझंच बोलणं कुणीतरी दुसरं बोलतंय असं वाटायला लागलं. मला हिंदीत राग नीट येतो, वाईट मात्र मराठीतच वाटतं. त्यात व्हिडिओ अडकायचा, मी घरातल्या बाल्कनीत हळू आवाजात, आत मुलगा कार्टून बघतोय. सेशन संपायच्या आत स्क्रीनवर पॅकेजची ऑफर आली, आज घेतलं तर सूट. तिथेच बंद केलं. ज्याच्या घरात दार लावून बसायला एक खोली आहे आणि इंग्लिश जवळची आहे त्याला ऑनलाईन चालेलही, माझ्या हिंजवडीच्या मित्राला चाललं. त्याच्या कंपनीत तर ईएपी म्हणून स्कीम आहे, कंपनीच्या खर्चाने काही सेशन मिळतात, पण तो सुरुवातीला एचआरला कळेल म्हणून घाबरत होता. त्याने आधी लेखी विचारलं की कुणाचं नाव कंपनीला कळतं का, उत्तर आलं की फक्त किती लोकांनी वापरलं तेवढा आकडा जातो, मग गेला. तुमच्याकडे असेल तर हा प्रश्न लेखीच विचारा.

दुसरा अनुभव एका चकचकीत सेंटरचा. बाहेर मोठा फलक, मुलांची एकाग्रता, हस्ताक्षर, करिअर गायडन्स, डिप्रेशन, गतजन्म, सगळं एकाच छताखाली. रिसेप्शनवरच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "प्रॉब्लेम काय आहे सर?" तिथे दोन आया मुलांना घेऊन बसलेल्या. म्हणलं मॅडमचं शिक्षण काय? तर म्हणे, "सर, मॅडम खूप सीनियर आहेत." म्हणलं हो पण शिक्षण? "सर, आपण आधी तुमची डीएमआयटी करून घेऊ." म्हणजे बोटांचे ठसे घेऊन मेंदू ओळखायचा. या डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीर सांगून टाकलंय, तरी आपल्याकडे शाळाशाळांत पालक हजारो रुपये भरून ते करतायत, तो एक वेगळाच विषय आहे. मी पाणी पिऊन बाहेर आलो.

मधल्या काळात एका रात्री फारच झालं तेव्हा १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची टेली मानस हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मागे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेची यंत्रणा आहे. सरकारी म्हणून माझ्या अपेक्षा अगदी तळाला होत्या, पण ज्या ताईंनी उचलला त्यांनी घाई केली नाही. आधी विचारलं की आत्ता सुरक्षित आहात का, घरी कोण आहे, स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न त्यांनी इतका सरळ विचारला की मला बरंच वाटलं, कारण बाकी सगळे त्याच्या आजूबाजूने फिरत होते. मग श्वासाचं काहीतरी करायला लावलं, लांब श्वास सोडायचा, आणि धडधड उतरेपर्यंत लाईनवर थांबल्या. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तिथे दाखवता येईल असंही सांगितलं. पुढे परत केला तेव्हा दुसऱ्या कुणीतरी उचलला, म्हणजे दर आठवड्याला एकाच माणसाशी बोलायचं तर ते हेल्पलाईनचं काम नाही. पण पहिलं पाऊल म्हणून याच्याइतकं सोपं काही नाही. कुठे जावं लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, आणि मी तोपर्यंत जे कुणाशीच मोठ्याने बोललो नव्हतो ते एकदा तोंडातून निघालं. नंतर बाकीचे फोन करायला सोपं गेलं ते त्यामुळेच. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल हेल्पलाईन पण आहे, २०१२ पासूनची, तिथे ट्रेनिंग घेतलेले काउन्सेलर फोनवर आणि ईमेलवर बोलतात, माझ्या भाचीने वापरली आहे आणि ती चांगलं सांगते, मी स्वतः नाही वापरली.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. आम्ही नवीन सप्लायर घ्यायचा असेल तर आधी ऑडिट करतो, मशीन बघतो, रेकॉर्ड मागतो, माणूस किती गोड बोलतो याला मार्क नसतात. म्हणलं इथेही तसंच करू. ओळखीच्यांकडून, फॅमिली डॉक्टरांकडून आणि एका सायकियाट्रिस्टच्या क्लिनिकमधून नावं घेतली आणि एका कागदावर प्रश्न लिहून प्रत्येकाला फोन केला. शिक्षण काय आणि कुठून, किती वर्षं काम करताय, माझ्यासारखे पेशंट बघता का, कुठल्या पद्धतीने काम करता, साधारण किती सेशन लागतील असं वाटतं, फी किती, कॅन्सल केलं तर काय, आणि गोळ्या लागतील असं वाटलं तर कुणाकडे पाठवता. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. "गोळ्यांची गरजच पडत नाही आमच्याकडे" असं जो म्हणाला त्याच्यावर मी काट मारली. दुसऱ्या एकाला प्रश्न विचारलेलेच आवडले नाहीत, म्हणाला, "तुम्ही विश्वास ठेवून या." काट. फी म्हणाल तर मला सांगितले गेलेले आकडे एका सेशनचे ८०० पासून २५०० पर्यंत होते, वेळ ४५ मिनिटं ते एक तास.

शेवटी जिथे थांबलो ते कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या बिल्डिंगमधलं छोटंसं ठिकाण, दोघीजणी मिळून चालवतात. नाव मुद्दाम देत नाही, त्या आठवड्याला ठराविकच लोक घेतात आणि मला जमलेली मॅडम तुम्हाला जमेलच असं नाही. पण त्यांनी काय काय बरोबर केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तुमच्या गावात तेच शोधाल.

फोनला मॅडमनी स्वतः उत्तर दिलं, म्हणजे मेसेज टाकला आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. पंधरा मिनिटं बोलल्या, त्याचे पैसे नाहीत. माझे प्रश्न ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, "विचारा, सगळ्यांनी विचारायला पाहिजेत." आरसीआयचा नंबर न मागता दिला. किती सेशन लागतील याला त्यांनी आकडा दिला नाही, म्हणाल्या सहा-आठ भेटींनंतर आपण दोघं मिळून बघू की काही हलतंय का, नसेल हलत तर मी दुसरं नाव सुचवीन. फी १२००, आणि चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी लागणार हे पण आधीच सांगितलं. मला कडक वाटलं ते तेव्हा, पण आता वाटतं बरोबर आहे, नाहीतर मी प्रत्येक शनिवारी काहीतरी कारण काढून टाळलं असतं.

जागा साधी आहे. जिना चढून दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी ऑनलाईन घ्यावं. वेटिंगला चार खुर्च्या पण त्या कधी भरलेल्या दिसत नाहीत कारण दोन पेशंटच्या मध्ये त्या पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवतात, त्यामुळे आधीचा माणूस आणि आपण समोरासमोर येत नाही. मला ओळखीचं कुणी भेटेल याची इतकी धास्ती होती की मी गाडी दोन गल्ल्या सोडून लावत होतो. ही एक गोष्ट बाकीच्या मोठ्या सेंटरवाल्यांनी शिकायला पाहिजे. आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून दाराबाहेर एक जुना मोठा पंखा लावून ठेवलाय, स्वस्तातला उपाय पण चालतो. घड्याळ मॅडमना दिसेल असं माझ्या मागच्या भिंतीवर आहे, सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, मला पण बघायचं होतं किती वेळ राहिला.

पहिलं सेशन म्हणजे खरं सांगायचं तर फॉर्म. आधी संमतीपत्र, मराठीत, दोन पानं. त्यात लिहिलेलं की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला, लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, किंवा कोर्टाने मागितलं तर मला ते गुप्त ठेवता येणार नाही. मॅडमनी ते नुसतं सहीला दिलं नाही, एकेक ओळ वाचून विचारलं, "हे पटतंय का?" बायकोने फोन करून विचारलं तर? तर तुम्ही इथे येता हे पण मी सांगणार नाही, तुम्ही लेखी परवानगी दिल्याशिवाय. हे ऐकल्यावर मी खुर्चीत जरा मागे रेलून बसलो.

मग दोन छोट्या प्रश्नावल्या. एक पीएचक्यू नाईन, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटणं, झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. दुसरी जीएडी सेव्हन, चिंतेची, सात प्रश्न, एकूण २१. मी क्वालिटीवाला, मला आकडा दिसला की जीव थंडावतो, लगेच विचारलं माझा किती आणि लिमिट किती. मॅडम म्हणाल्या दहा किंवा वर गेला की नीट बघायला पाहिजे एवढंच समजायचं, हा काही रोगाचा दाखला नाही, पुढे परत भरून घेऊ आणि दिशा बघू. चिंतेचा आकडा माझा चांगलाच वर होता, उदासीचा तेवढा नाही. मला स्वतःला उलटं वाटत होतं, वडिलांमुळे उदास असेन म्हणून.

उरलेला वेळ माहिती घेण्यात गेला. घरी कोण कोण, झोप किती, चहा किती (हा प्रश्न ऐकून मी आकडा कमी करून सांगितला आणि त्यांनी परत विचारला), दारू, तंबाखू, आधी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग विचारलं, "समजा तीन महिन्यांनी इथे येणं बंद केलं, तर तुमच्या रोजच्या दिवसात काय वेगळं दिसायला हवं?" मी म्हणलं टेन्शन नको. त्या म्हणाल्या ते दिसत नाही, दिसेल असं सांगा. बराच वेळ विचार करून मी म्हणलं, रात्री फोन वाजला तर उचलून बोलून परत झोपता आलं पाहिजे. ते त्यांनी वहीत जसंच्या तसं लिहिलं.

रडावं लागतं का, तर लागत नाही. मी पहिल्या वेळी नाही रडलो. सिनेमात असतो तसला लांब सोफा नाही, आडवं झोपायला लावत नाहीत, डोळे मिटायला लावलं नाही. सल्ला मात्र एक पण दिला नाही, आणि इथे माझी पहिली तक्रार. १२०० रुपये देऊन बाहेर आलो आणि हातात काहीच नाही, ना गोळी ना कागद. बायकोने विचारलं काय म्हणाल्या, म्हणलं काहीच नाही, सगळं मीच बोललो. ती म्हणाली, "तू? तासभर?" पण मॅडमनी आधीच एका वाक्यात सांगितलं असतं की आज फक्त माहिती घ्यायचीय, उपाय पुढच्या वेळी, तर बरं झालं असतं. कित्येक लोक पहिल्यानंतर दुसऱ्याला जातच नाहीत ते यामुळेच जात नसतील असा माझा अंदाज.

दुसऱ्या भेटीपासून काम चालू झालं. त्या आरईबीटी म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी वापरतात, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची पद्धत, १९५५ च्या सुमाराची. आपल्या महाराष्ट्रात ती बऱ्याच लोकांना मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींमुळे माहीत आहे, त्यांची ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, माझी बहीण यूट्यूबवर त्यांची भाषणं ऐकत असते, त्यामुळे तिला माझ्या आधी सगळं माहीत होतं. सोप्यात सांगायचं तर घटना झाली, मग त्रास झाला, पण त्या दोघांच्या मधे डोक्यातून एक विचार पळत जातो आणि आपण तो बघत नाही. रात्री कस्टमरचा फोन आला ही घटना, छातीत धडधड हा परिणाम, मधे काय? मला विचारलं तर म्हणलं मधे काही नाही, डायरेक्ट धडधड. मग त्यांनी हळूहळू उकरायला लावलं तर मधे निघालं की आता लाईन थांबली असणार, माझ्यामुळे थांबली, उद्या सगळ्यांसमोर काढणार, नोकरी गेली, मुलाची फी. हे सगळं फोनच्या दुसऱ्या रिंगच्या आत.

आमच्याकडे रिजेक्शन आलं की पाच वेळा "का" विचारून मूळ कारण काढतात. मी घरी तसंच एका कागदावर स्वतःचं काढून नेलं होतं आणि शेवटचं उत्तर "कारण माझ्यातच दम नाही" असं आलेलं. मॅडमनी कागद बघितला, फेकला नाही, म्हणाल्या पार्टला चालतं ते. माणसाला सारखं का का विचारलं की तो स्वतःला दोषी ठरवूनच थांबतो, तुम्ही तिथे का ऐवजी त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते लिहा. घरचा अभ्यास म्हणून तीन रकाने, घटना, मधला विचार आणि परिणाम. मी एक्सेल करू का विचारलं तर नको, हाताने, आणि लगेच, सकाळी आठवून नाही. करतोय.

आता बाकीच्या तक्रारी. शनिवार आणि संध्याकाळी सातनंतरचे स्लॉट लवकर मिळत नाहीत, पहिली अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे गेले, नोकरीवाल्या माणसाने दुपारी तीनला कर्वे रोडला कसं यायचं? गणपतीच्या आधी समोरच्या मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस असते, त्या दिवसांत संध्याकाळचं सेशन घेऊ नका, मी वडिलांबद्दल बोलत होतो आणि बाहेर ताशाची तर्री, शेवटी दोघंही हसायला लागलो. मधल्या दिवसांत व्हॉट्सॅपवर काही विचारलं तर वेळ बदलण्यापलीकडे उत्तर येत नाही, हे त्यांनी आधी सांगितलेलं होतं पण रात्री तीनला ते आठवत नाही. आणि फी, महिन्याला चार वेळा गेलं तर ४८०० होतात, माझ्या पगाराला ते जाणवतं. मी त्यांना सरळ सांगितलं तर त्या म्हणाल्या सुरुवातीला दर आठवड्याला येऊ, मग पंधरा दिवसांनी. त्यांच्याकडे काही जागा कमी फीच्या असतात, विद्यार्थ्यांना आणि ज्यांना जमत नाही त्यांना, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तर विचारा.

इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराला देतात तसंच मनाच्या आजाराला संरक्षण द्यायचं, पण माझी पॉलिसी ॲडमिट झाल्यावरची आहे, ओपीडीचं काहीच देत नाही मग काउन्सेलिंगचं कुठून देणार. तरी पावती घ्या दर वेळी, तारीख आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट. इथे पावती न मागता मिळते, हा पण एक मार्क.

एक गोष्ट मात्र या सगळ्या फोन-ऑडिटच्या बाहेरची आहे. जगायचं नाही असे विचार येत असतील तर माझ्यासारखी प्रश्नांची यादी करत, अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही. घरच्याला सांगा, १४४१६ लावा, नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. पोलीस केस होईल म्हणून लोक अजून लपवतात, पण त्याच २०१७ च्या कायद्याने सांगितलंय की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा न करता मदत द्यायची.

मार्क द्यायचे तर ठिकाणाला पाचपैकी चार. एक कापला तो वेळांचा आणि पहिल्या दिवशी काय होणार ते न सांगण्याचा. हेल्पलाईनला पाचपैकी चार, फुकट आहे म्हणून नाही, ऐकून घेतलं म्हणून. ॲपला दोन, गोड मुलीसाठी एक आणि पैसे परत दिले त्याचा एक. चकचकीत सेंटरला पाणी थंड होतं एवढंच.

आईला अजून नीट सांगितलेलं नाही, तिला वाटतं मी शनिवारी कुठल्यातरी योगाच्या क्लासला जातो, आणि ती शेजारणीला अभिमानाने तसं सांगते पण. बहिणीला मात्र सगळं सांगितलंय आणि आता तिलाच जायचंय. ती कराडला असते, तिला ऑनलाईन नको आहे, समोर बसून बोलायचंय. तर कराड, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कुणाचा चांगला अनुभव असेल तर सांगा, नाव गाव, शिक्षण काय, फी किती, आणि रविवारी असतात का एवढं लिहिलं तरी पुरे, बाकीचे प्रश्न ती फोनवर विचारेल, कागद माझ्याकडून घेऊन ठेवलाय तिने.